नायटलच्या भरवशावर केलेली सही

मागे व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी माझी पिवळी बोटं पाहिलीत आणि विचारलंत, "आजी, हळद?" मी हो म्हटलं. खरं सांगायला बसले असते तर तुमची शाळेची वेळ झाली असती, आणि त्या दिवशी माझ्यात तेवढं बोलायचं त्राणही नव्हतं. ती हळद नव्हती, पिक्रिक आम्ल होतं. कातडीला लागलं की साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. कातडी आपली आपण झडेल तेव्हाच जातं. तुमच्या आजोबांनी मात्र बरोबर ओळखलं होतं. "या वयात हळद लागली आणि मला पत्रिकासुद्धा नाही?" असं ते जेवताना दोन-तीनदा म्हणाले. मला हसू आलं नाही, म्हणून मग त्यांनी तो विनोद सोडून दिला.

ती बोटं कशी पिवळी झाली ते आता नीट लिहून ठेवते. लिहिताना मला क्रमाने सांगता येतं. फोनवर मी थकते आणि मधलंच विसरते.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसायचं ठरवलं होतं. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मक्सी रोडला धातू तपासायची लहानशी लॅब काढली आणि म्हणाला, "मॅडम, आठवड्यातून तीन दिवस या. तुम्ही फक्त मायक्रोस्कोप बघायचा, बाकी झंझट माझी." तीन दिवसांचे पाच कधी झाले ते मला कळलं नाही. सकाळी डबा, गुडघ्याचा पट्टा, ऑटो. संध्याकाळी परत तेच उलट क्रमाने. मी तक्रार करत नाही. फक्त एवढंच की माणूस दमला की जुन्या सवयीच्या भरवशावर काम करू लागतो, आणि या गोष्टीत तेच झालं.

आधी पोलादाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पोलाद भट्टीत लाल करून एकदम तेलात बुडवलं की ते कडक होतं. आपल्याकडे याला पोलादाला पाणी देणं म्हणतात, तेल असलं तरी. लाल असताना आत दाणे तयार होतात, एकमेकांना चिकटलेले, प्रत्येकाला स्वतःची हद्द. भट्टी प्रमाणापेक्षा जास्त तापली की हे दाणे फुगत जातात, आणि मोठ्या दाण्यांचं पोलाद तडकायला सोपं. म्हणजे भट्टीवर काय घडलं याची साक्ष त्या हद्दींत असते. अडचण अशी की तेलात बुडवल्याबरोबर प्रत्येक दाण्याच्या आत बारीक सुयांसारखी रचना उगवते आणि हद्दी झाकल्या जातात. भर पावसाळ्यात इंदूरला जाताना सोयाबीनची शेतं बघा. पीक दाट उभं असलं की बांध दिसत नाहीत. कुणाचं शेत कुठे संपलं ते सांगता येत नाही.

तर पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा करायचा आणि त्यावर असं आम्ल घालायचं की जे हवं ते उठून दिसेल. या द्रावाला एचंट म्हणतात. सगळ्यात सोपा म्हणजे नायटल: अल्कोहोलमध्ये थोडंसं नायट्रिक आम्ल. प्रत्येक लॅबमध्ये बाटली तयार असते, काही सेकंदांत काम होतं. पण नायटल पीक दाखवतं, बांध दाखवत नाही. हे मी कॉलेजात किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल, मोजलं नाही.

तो सोमवार होता आणि महाकालची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, होती. इथली सवारी इथल्या लोकांच्या, आपल्याआधी पंधरा दिवस लागणाऱ्या, सावनातही निघते आणि आपल्या श्रावणातही, त्यामुळे आम्हा मराठी लोकांचे तेवढे सोमवार दोन्ही हिशेबांनी अडकतात. दुपारनंतर रस्ते बंद होतात आणि ऑटोवाला सरळ हात जोडतो. मला वेळेत घरी पोचायचं होतं. बाराच्या सुमाराला पोलादाला पाणी देणाऱ्या एका कारखान्याचा भट्टीवाला मोपेडवरून आला. दंडाएवढ्या जाडीच्या दोन शाफ्टचे तडकलेले तुकडे त्याने जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून आणले होते. वर्षानुवर्षं नमुने तोच आणायचा. बाकीचे लोक तुकडा टेबलावर आपटतात. तो टॉवेल उघडून ठेवायचा, जसं काही आत अंडी आहेत.

"मैडमजी, ठीक से देखना," तो म्हणाला. "सेठ बोलता है मैंने भट्टी जला दी, पूरा माल फाड़ दिया. मीटर ठीक था, मैं खुद खड़ा था. आपके कागज पे मेरी नौकरी है."

"देखेंगे," मी म्हटलं. "जो होगा वो लिखेंगे."

"जो होगा वो ही लिखना. मैं कहाँ बोलता हूँ मेरे लिए लिखो!"

तो बाहेरच्या बाकावर बसला. मी तुकडा कापून घेतला, घासला, मखमल लावलेल्या फिरत्या चाकावर चमकवला आणि नायटलमध्ये धरला. मध्ये कारखान्याच्या सेठचा फोन आला, रिपोर्ट आजच पाहिजे म्हणून. फोन ठेवेपर्यंत तुकडा द्रावात जरा जास्तच राहिला. बाहेर काढला तर काळवंडलेला. नियम असा की पुन्हा चमकवायचा आणि पुन्हा धरायचा. मी घड्याळाकडे पाहिलं आणि तसाच मायक्रोस्कोपखाली ठेवला. सुया जाड दिसल्या, लांब लांब, एका दिशेने गेलेल्या मोठ्या पट्ट्यात. सुया लांब, म्हणजे दाणा मोठा. दाणा मोठा, म्हणजे भट्टी जास्त तापली. दाण्याची हद्द मला दिसली नव्हती. मी ती सुयांवरून धरून चालले. रिपोर्ट इंग्रजीत टाइप केला, शेवटी एक ओळ लिहिली की अतितापाचा संशय येतो, सही केली, आणि वेळेत घरी पोचले. सवारीचे ढोल मी घरातूनच ऐकले.

पुढच्या आठवड्यात त्याच कारखान्याचे नमुने दुसराच माणूस घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, नेहमीचा कुठे आहे.

"वो? उसको तो निकाल दिया," तो म्हणाला. "कागज आया ना आपका."

मी हातातला कप खाली ठेवला. चहा गार झाला. मग कपाटातून त्या सोमवारी मायक्रोस्कोपमधून घेतलेला फोटो काढला आणि भिंग घेऊन बसले. दमलेल्या डोळ्यांनी जे दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं, किंवा खरं सांगायचं तर दिसत नव्हतं. त्या फोटोत एकही हद्द नव्हती. नुसत्या काळ्या सुया. शेजारच्या तीन-चार दाण्यांतल्या सुया योगायोगाने एकाच दिशेच्या असतील तर त्या एकाच मोठ्या दाण्यासारख्या दिसतात, आणि जास्त काळवंडलेल्या तुकड्यात तर हमखास. दुसऱ्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याची वही परत फेकली असती.

लॅबच्या मालकाला, माझ्या विद्यार्थ्याला, मी म्हटलं की तो तुकडा मला पुन्हा तपासायचा आहे.

"मॅडम, रिपोर्ट गेला. आता कशाला उकरून काढताय? लोक म्हणतील या लॅबचं काही खरं नाही."

"खरं नाहीच आहे. मी हद्द न बघता लिहिलं."

"समजा पुन्हा केलं आणि दाणे मोठेच निघाले तर?"

"तर बरंच आहे. निदान बघून लिहिलेलं असेल."

तो डोकं खाजवत गेला. जाता जाता म्हणाला, "पिक्रिक वापरणार असाल तर मला आधी सांगा, मी त्या खोलीत येणार नाही." पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक असतं. म्हणून त्याची बाटली कायम पाण्याने भिजलेली ठेवायची, आणि उघडण्याआधी झाकणाच्या कडेला खडे धरलेले नाहीत ना ते बघून पाणी घालायचं. कॉलेजात हे काम मी कुणावर सोपवलं नाही. आता माझेच हात थरथरतात, तरी सोपवलं नाही.

पहिल्या दिवशी मी विलेला नावाचा द्राव केला, अल्कोहोलमध्ये पिक्रिक आणि थोडं हायड्रोक्लोरिक. त्याने कधीकधी वेगवेगळे दाणे वेगवेगळ्या छटेचे दिसतात. इथे दोन-चार दिसले, बाकी सगळं करडं. त्यावरून पुन्हा अंदाजच करावा लागला असता, आणि अंदाजाने मी आधीच एकाला घरी बसवलं होतं.

मग पाण्यातलं पिक्रिक. पाणी जेवढं घेईल तेवढं विरघळवायचं आणि त्यात साबणासारखं काहीतरी घालायचं. त्या साबणामुळे द्राव सुयांकडे दुर्लक्ष करतो आणि हद्दीवर जास्त खातो. का, ते सांगायला एक तास लागेल आणि माझं स्वतःचं पूर्ण समाधान झालेलं नाही. लॅबमधला ठरलेला पदार्थ संपला होता, म्हणून मी घरून भांडी घासायचा पातळ साबण नेला. काही झालं नाही. कोमट केला, आम्लाचे दोन थेंब वाढवले. तुकड्यावर काजळी धरली. ओल्या कापसाने पुसली, हलकंसं चमकवलं, पुन्हा बुडवलं. असं पाच-सहा वेळा. शेवटी कुठे कुठे बारीक रेघ दिसायची आणि तुटायची, वाळूत काढलेल्या रेघेसारखी.

त्या आठवड्यात माझं अंग दुखायचं. चाकापाशी उभं राहून कंबर, भिंगात बघून मान. घरी आल्यावर आजोबा विचारायचे, "निघाले का बांध?" मी नाही म्हणून मान हलवायची. एकदा ते म्हणाले, "अगं, तो माणूस आता दुसरीकडे लागला असेल. तू का मरतेयस?" मी म्हटलं, "लागला असेल तर माझ्या कागदासकट लागला असेल." त्यावर ते उठून पाणी गरम करायला गेले, माझ्या पायांसाठी.

तोडगा मला झोपेतून वगैरे उठून सुचला नाही. जुन्या वहीत लिहिलेला होता, मीच तो वाचायचा कंटाळा केला होता. पोलादात फॉस्फरस अगदी थोडा असतो, आणि पाणी दिलेलं पोलाद पुन्हा मध्यम आचेवर बराच वेळ ठेवलं की तो हळूहळू दाण्यांच्या हद्दीवर जाऊन बसतो. तिथे पिक्रिकला चावायला काहीतरी मिळतं. हे पोलाद स्वच्छ होतं, फॉस्फरस फारच कमी, म्हणून हद्दी बोलत नव्हत्या. मध्यम आचेने जुने दाणे बदलत नाहीत. ते जसे भट्टीत झाले तसेच राहतात. म्हणजे साक्षीदाराला काही शिकवायचं नव्हतं, फक्त त्याचा आवाज मोठा करायचा होता.

मी तुकडा लहान भट्टीत ठेवला आणि दिवसभर तिच्याजवळ बसले. दुसऱ्या दिवशी घासला, चमकवला, पिक्रिकमध्ये धरला, काजळी पुसली, पुन्हा चमकवला, पुन्हा धरला. चौथ्या खेपेला मायक्रोस्कोपखाली बांध होते. पूर्ण, बंद, एकमेकांना लागून, सगळीकडे. दाणे बारीक होते. दाण्यांच्या मापाच्या तक्त्याशी ताडून पाहिले, दुसऱ्या शाफ्टचा तुकडा घेऊन सगळं पुन्हा केलं, मालकालाही बोलावून दाखवलं. तो तोंडावर रुमाल धरून आला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, हे तर एकदम नॉर्मल आहे."

"हो."

"म्हणजे भट्टी बरोबर होती."

"हो."

मग आम्ही दोघांनी भेग परत बघितली, जी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. दोन्ही तुकड्यांत ती शाफ्टवर कोरलेल्या खाचेच्या कोपऱ्यातून निघाली होती. कोपरा सुरीने कापल्यासारखा तीक्ष्ण, गोलाई नावाला नाही. असा कोपरा तेलात बुडवताना तडकतो, भट्टीवर कोणीही उभं असो. ती खाच भट्टीवाला कोरत नाही.

मी सेठला फोन करून सांगितलं. तो वाईट माणूस नाही, घाईतला आहे. "चलो मैडम, हो जाता है," तो म्हणाला. "उसको बोल देंगे, आ जाएगा. लिखने-विखने की जरूरत नहीं." मी सुधारलेला रिपोर्ट तरीही पाठवला, इंग्रजीत, फोटोंसकट. काही दिवसांनी विचारलं तर कळलं की निरोप गेला, पण भट्टीवाला आला नाही.

म्हणून एका रविवारी मी आणि तुमचे आजोबा ऑटोने भैरवगढला गेलो. तिथे त्याच्या मेव्हण्याचं कापड छापायचं काम आहे. भट्टीवाला मागच्या अंगणात होता. तांब्याच्या मोठ्या कढईत छापलेलं कापड उकळत होतं आणि तो लांब काठीने ते वर-खाली करत होता, आच बघत, लाकडं मागे-पुढे सारत. आम्हाला पाहून त्याने काठी सोडली नाही. मान हलवली फक्त.

"सेठ ने बुलाया, गए नहीं?" मी विचारलं.

"बुलाया. बोला, चल गलती हो गई, आ जा. किसकी गलती, वो नहीं बोला." त्याने कापड उलटलं. "मैडमजी, यहाँ सब पूछते हैं, बीस साल का भट्टीवाला और भट्टी जला दी? साला मेरा दिन में चार बार बोलता है, देख, कपड़ा मत जला देना."

आतून मेव्हणा ओरडला, "मजाक में बोलता हूँ, जीजाजी!"

"देखा? सुन भी रहा है."

मी पिशवीतून रिपोर्ट काढून दिला. त्याने हात पुसले, कागद उलटसुलट केला, फोटोंकडे नीट पाहिलं. "ये दाने हैं?" मी हो म्हटलं, आणि मोठे असते तर कसे दिसले असते तेही बोटाने दाखवलं. त्याला ते लगेच कळलं. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा लवकर. मग त्याने कागद परत केला.

"अंग्रेजी है. पहलेवाला भी अंग्रेजी था. उसमें से सेठ ने एक लाइन पढ़ी और मैं बाहर. इसको कौन पढ़ेगा? हिंदी में लिख दो."

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. या विषयातलं एक वाक्य मी कधी हिंदीत लिहिलं नव्हतं, मराठीतही हे आत्ता पहिल्यांदा लिहिते आहे. छपाईच्या टेबलावर गाद्यांसारखं जाड कापड घातलेलं असतं, त्यावर कागद ठेवून लिहायला लागले तर पेन आत रुतायचं. मेव्हण्याने एक पाटी आणून दिली. मी लिहिलं की शाफ्टचे दोन तुकडे तपासले, पोलादाचे दाणे बारीक आहेत, भट्टीचं तापमान बरोबर होतं, भेग खाचेच्या कोपऱ्यातून सुरू झाली. सही केली.

त्याने ते हळूहळू, ओठ हलवत वाचलं.

"इसमें लिखा है ताप सही था. तो पहलेवाला कागज किसने लिखा?"

"मैंने."

"वो इसमें नहीं है."

आजोबांना राहवलं नाही. "अरे भाई, मैडम इस उमर में खुद चलकर आई हैं. और क्या चाहिए?"

"साहब, चलकर आई हैं, वो मैंने देखा," तो म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "मोहल्ला तो कागज देखेगा."

आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मला राग आला नाही. मुलांनो, तुम्हाला वाटेल मला लाज वाटली असेल, तर तीही त्या क्षणी फारशी नव्हती. ती आधीच वाटून झाली होती, चाकापाशी उभी असताना. मला फक्त बसावंसं वाटत होतं. मेव्हण्याच्या बायकोने स्टूल दिलं. मी बसले आणि सहीच्या खाली जी थोडी जागा उरली होती तिथे लिहिलं, "पहली जाँच मैंने जल्दी में की थी. वह गलत थी." आणि त्याखाली पुन्हा एकदा सही केली, कारण पहिली सही आता मध्येच आली होती.

त्याने वाचलं. कढईतल्या कापडाला एकदा काठी मारून आला आणि परत वाचलं.

"एक और लिख दो," तो म्हणाला. "एक मेरे पास रहेगा. दूसरा सेठ के दफ्तर में, हाजिरी के रजिस्टर के ऊपर चिपकेगा. जिस दिन चिपका, उस दिन आऊँगा."

कागद चिकटवायला सेठने दोन दिवस घेतले, असं मला मागाहून समजलं. तिसऱ्या दिवशी भट्टीवाला कामावर होता.

पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी पाटी मांडीवर घेतली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मनगट दुखत होतं. दुसरी प्रत वाईट अक्षरात आली, ओळी खाली उतरत गेल्या. त्याने दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले, चांगल्या अक्षरातला घडी करून खिशात ठेवला आणि दुसरा सेठसाठी काढून ठेवला.